तिसऱ्या कडव्यातली माणसं

झेनोन मास्तर कुठेही बसण्याआधी त्या जागेवर फुंकर मारायचे.

आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळेच मारतात. त्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं जेवायला येतात, बाकांवर दाटीवाटीने बसलेली असतात, तेव्हा चुकून त्यांच्या मांडीवर बसू नये म्हणून आधी फुंकर मारायची. म्हणजे, सरका जरा. वर्षातून एकदा. मास्तरांचं मात्र बारा महिने चालायचं. पियानोच्या स्टुलावर, बसच्या सीटवर, न्हाव्याच्या खुर्चीवर. एकदा जिल्ह्याहून संस्कृती खात्याचे साहेब शाळा तपासायला आले, तर त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीवरही मास्तरांनी फुंकर मारली.

"धूळ आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "माणसं आहेत."

मी घाईघाईने खोकले आणि म्हणाले, "मुलं बसून गेली होती साहेब, खडूची पूड असते." त्यानंतरची सगळी तपासणी मी खोकत काढली.

मी एमिलिया. स्तावकीच्या संगीत शाळेत मी मुलांना सूर ओळखायला आणि लिहायला शिकवायचे. मास्तर पियानो आणि बायान, म्हणजे बटणांचा अकॉर्डियन, शिकवायचे. शाळेची गायनमंडळीही त्यांच्याकडेच होती. शाळेत आमच्या खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती आणि घरी आमच्या परसांमध्ये एकच कुंपण. नवरा लवकर वारल्यामुळे माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त आवाज या एका माणसाचाच झाला. त्याबद्दल मी तक्रारही पुष्कळ केली. दुपारी झोपू द्यायचे नाहीत.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. पोरगं नवीन आलं की त्याला एकच पट्टी दाबायला लावायचे आणि म्हणायचे, "आता ऐक. तो सूर पुरता संपेपर्यंत दुसरी दाबायची नाही." पोरं चुळबुळ करायची. जुना पियानो, त्याचा सूर लांब रेंगाळायचा.

"संपला, मास्तर."

"नाही संपला. लांब गेला. कुठे गेला सांग."

"कुठे?"

"दाराकडे."

मग पोरं दाराकडे बघायची आणि भिंतीपलीकडे मीही, माझ्या नकळत, माझ्या दाराकडे बघायचे. फार राग यायचा मला या गोष्टीचा.

मास्तर यासेनिवकाचे. यासेनिवका आता नाही. मोठी लढाई संपली तेव्हा नकाशावर नवी रेघ पडली, आणि रेघेपलीकडे राहिलेल्या आपल्या लोकांना गाड्यांत भरून अलीकडे पाठवलं. गाडी येईपर्यंत सगळं गाव स्टेशनापाशी उघड्यावर पडून होतं, गाईगुरांसकट, आठवड्यामागून आठवडे. वडील आधीच गावच्या मातीत गेलेले. स्टेशनावर आजी गेली, मग धाकटा भाऊ, मग आई. रुळांच्या कडेला पुरलं. मग गाडी आली. झेनोन तेव्हा अकरा वर्षांचा होता. इकडे अनाथाश्रमात त्याच्या हातात बायान पडला, आणि माणूस झाला तो त्याच्यामुळेच.

ईस्टरनंतर आम्ही सगळे टोपल्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातो, तिथे बसून जेवतो, त्यांच्याशी बोलतो. मास्तर त्या दिवशी घरी कांदे लावत बसायचे. त्यांची थडगी सरहद्दीपलीकडे, तीही सापडतील की नाही कोण जाणे. त्यांच्याकडे उरली होती ती फक्त नाताळची आदली संध्याकाळ. माणसांना आपण जाऊन भेटता येत नसेल तर त्यांना बोलवावं लागतं, आणि यासेनिवकात बोलवायची एक ठरलेली रीत होती.

रीत म्हणजे एक गाणं. आमच्याकडे नाताळात दारोदार जी गाणी म्हणतात त्यांना कोल्याडा म्हणतात, पण यासेनिवकाची कोल्याडा घरात म्हणायची, दार किलकिलं ठेवून. पहिल्या कडव्यात मालकाला उठवायचं, दारी पाहुणे आलेत म्हणून सांगायचं. दुसऱ्यात टेबल मांडायचं. तिसऱ्या कडव्यात त्या घरातल्या गेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन आत बोलवायचं, थंडीत उभं राहू नका म्हणायचं. मग कुट्याचा वाडगा, म्हणजे मधात आणि खसखशीत कालवलेला गहू, रात्रभर टेबलावर ठेवायचा आणि भोवती सगळ्यांचे चमचे, असलेल्यांचे आणि गेलेल्यांचे. सकाळी मास्तरांची आई चमचे बघायची. हलले असले की म्हणायची, आले होते. आणि एखादा पालथा पडलेला दिसला, तर ज्याचा चमचा त्याला त्या वर्षात घेऊन जाणार.

हे सगळं मला मास्तरांनी सांगितलं ते फार उशिरा. त्याआधी मला ठाऊक होतं ते ट्रॅक्टरचं गाणं.

ट्रॅक्टरचं गाणं तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक मार्कियान साहेब होते. सावलीला भिणारा माणूस, आणि तेव्हा देवाचं, नाताळाचं नाव घेतलं तरी वर तक्रार जायची. नववर्षाच्या जलशाला जिल्ह्याहून मंडळी येणार होती.

"कोस्तिव," ते मास्तरांना म्हणाले, "काहीतरी आपल्या मातीतलं हवं. लोकांच्या चालीचं. पण देवबिव नको, तारेबिरे नकोत, मेंढपाळ तर अजिबात नकोत."

"ट्रॅक्टर चालेल?" मास्तरांनी विचारलं.

"ट्रॅक्टर उत्तम."

आठवडाभरात गाणं तयार झालं. चाल ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तीस पोरं ट्रॅक्टरबद्दल गात होती आणि चाल मात्र दाराशी उभी राहून कोणाची तरी वाट बघत होती.

*उठ रे मालका, दारी ट्रॅक्टर आला,*
*काळ्या मातीमध्ये सोनं पेरायला.*

तिसऱ्या कडव्यात तर, शेतावरच्या तुकडीचा मुकादम जो ब्रिगेडियर, तिथपासून सबंध सामूहिक शेती आत बोलावली होती: या ब्रिगेडियर, या कृषितज्ज्ञ, या गोठ्यातल्या माऱ्या, थंडीत उभं राहू नका. जिल्ह्याची मंडळी खूश झाली. माऱ्या नावाची एक गवळण खरीच होती, ती रडली. गाणं रेडिओवर गेलं आणि मग दर नववर्षाला लागायला लागलं. दुसऱ्या शाळांनी उचललं. मास्तरांनी लग्नाच्या चाली बांधल्या, अंगाई बांधल्या, छोट्या बोटांना झेपतील असे पियानोचे तुकडे तर टोपलीभर, पण लोक त्यांना ओळखायचे ते 'ट्रॅक्टरवाले कोस्तिव' म्हणून.

"आईची चाल आहे ती," एकदा कुंपणावरून ते मला म्हणाले. "पोरांनी मोठ्याने गावी असं वाटलं. बाहेर थंडी होती, म्हणून तिला कोट घातला, एवढंच. शब्द माझ्याकडे आहेत."

"कुठे आहेत?"

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "इथे. इथे झडती घेत नाहीत."

"मास्तर, पन्नाशी आली. इथे काय काय राहतं ते माझ्या डोक्यावरून मला ठाऊक आहे. काल मी चष्मा लोणच्याच्या बरणीत ठेवला."

ते हसले. मीही हसले. चुकीच्या गोष्टीवर हसलो आम्ही.

दर वर्षी ती संध्याकाळ ते पडदे ओढून एकटेच करायचे. पहिला तारा दिसला की मी माझी वारेनिकीची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, थाळी कुंपणावरून द्यायचे, ते मासा द्यायचे, आणि आम्ही आपापल्या घरी आपापल्या मेलेल्यांशी जेवायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारायचे, "काय, आले होते का?" थट्टेनेच विचारायचे. ते मान हलवायचे, नाही. चमचे होते तसेच. दर वर्षी नाही. गाणं रेडिओवर गेलं त्या वर्षापासून एकदाही नाही.

मग देश आपला झाला. चर्चच्या घंटा पुन्हा वाजायला लागल्या, आणि काल झेंडे धरणारे आज मेणबत्त्या धरायला पुढे सरसावले. मार्कियान साहेब तर पहिल्या रांगेत. मास्तर शाळेत आले ते नवा सदरा घालून.

"एमिलियाबाई," ते म्हणाले, "आज कोट काढायचा."

मुलं उभी राहिली. मी पियानोवर बसले. मास्तरांनी मुलांना सांगितलं, आज तुम्हाला या गाण्याचे खरे शब्द देणार आहे, आधी मी म्हणतो. पहिलं कडवं म्हटलं, मालक उठला, पाहुणे आले. दुसरं जरा अडखळत म्हटलं. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि आतून ब्रिगेडियर आला.

ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ब्रिगेडियर, त्याच्यामागे कृषितज्ज्ञ. पोरं खुदखुदली. तिसऱ्यांदा मी पियानो वाजवला नाही.

"दमलात तुम्ही," मी म्हणाले.

"बाई," ते इतक्या हळू म्हणाले की फक्त मलाच ऐकू आलं, "तिथे काही नाहीये. मी आत गेलो आणि तिथे काही नाहीये."

त्या दिवसापासून मास्तरांची झोप गेली. कोट अंगाला चिकटला होता, आणि ओढून काढावा तर आत अंगच सापडेना. इतकी वर्षं आपण दाराशी कोणाला हाका मारत होतो, या एकाच विचाराने ते पोखरले गेले. "आई दाराबाहेर उभी आहे," ते म्हणायचे, "आणि आतून तिचा पोरगा कृषितज्ज्ञाला बोलावतोय." ऐकायला हसू येतं. त्यांचा चेहरा बघून यायचं नाही. वर्गात मुलाने पट्टी दाबली की आता ते स्वतःच दाराकडे बघत बसायचे, आणि मूल बिचारं दुसरी पट्टी दाबायची परवानगी मिळेपर्यंत रडकुंडीला यायचं.

"नुसती नावं घ्या की हाकेला," मी म्हणायचे. "आईला आई म्हटलं की पुरे."

"दारावरच्या प्रत्येक हाकेला आमची माणसं येत नव्हती," ते म्हणायचे. "बाहेर खूप जण हिंडत असतात. आपल्या घरची हाक कोणती ते त्यांना त्या गाण्यानेच कळायचं."

शोधायला निघाले. यासेनिवकाची माणसं दाणे फेकल्यासारखी विखुरली होती, कोणी या जिल्ह्यात, कोणी पार दक्षिणेच्या गवताळ मुलखात. सुट्टी लागली की मास्तर बसने जायचे. कुठे म्हातारा मेलेला, कुठे म्हातारी मुलालाही ओळखत नाही. त्यांच्या मुलांना काही ठाऊक नव्हतं, कारण त्या काळात अशी गाणी मुलांना कोणी शिकवत नसे. मुलं शाळेत बोलतात ना.

बाजारात लसूण विकणाऱ्या एका बाईने मला सांगितलं की त्यांच्या गावात तेक्ल्या नावाची आजी आहे, डोळे गेलेत, पण डोकं चाकूसारखं आहे, आणि आपण यासेनिवकाचे असं सांगते. मी मास्तरांना सांगितलं आणि सोबत गेले. एकटे पाठवायची माझी हिंमत नव्हती.

तेक्ल्या आजी चुलीशेजारच्या पलंगावर बसली होती. मास्तरांनी बाकावर फुंकर मारली. तो आवाज ऐकून आजीने मान वळवली.

"आपल्यातला आहेस रे," ती म्हणाली. "कोणाचा?"

"युस्तिनाचा. कोस्तिवांच्या."

"पुलाजवळची युस्तिना? जिची गाय माझ्या काकाच्या कोबीत शिरायची ती?"

"तीच," मास्तर म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांच्या आईला ओळखणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं.

गायीबद्दल पुष्कळ बोलणं झालं. कोबीचं भांडण आजीच्या मते अजून मिटलेलं नव्हतं. मग मास्तरांनी विचारलं, "आजी, आपली कोल्याडा आठवते? दार उघडं ठेवून म्हणायची ती?"

"न आठवायला काय झालं? दर वर्षी म्हणते."

"तिसरं कडवं?"

"सगळी म्हणते, बस." तिने ओढणी सारखी केली, हात मांडीवर ठेवले आणि गायला लागली. म्हातारा आवाज, पण सूर असा अचूक की माझे हात आपोआप ताल धरायला लागले.

*उठ रे मालका, दारी ट्रॅक्टर आला...*

मी मास्तरांकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. आजीने तिन्ही कडवी म्हटली, माऱ्यासकट.

"हे... हे रेडिओवरचं, आजी," मी म्हणाले.

"मग? रेडिओवर लागलं तेव्हा मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. म्हटलं, अगं बाई, आपल्या गावचं गाणं. गाव गेलं तरी गाणं रेडिओवर आहे. शब्द जरा वेगळे होते, पण म्हटलं रेडिओवाल्यांना जास्त कळत असेल. मुद्दाम शिकले, नातीकडून उतरवून घेऊन, रोज घोकून. जुनं कशाला डोक्यात ठेवायचं, गोंधळ होतो." ती थांबली. "काय झालं रे? गप्प का?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "छान म्हणता."

परतीच्या बसमध्ये ते सीटवर फुंकर न मारता बसले. मी इतकी वर्षं त्या फुंकरीला नावं ठेवली, आणि त्या दिवशी ती ऐकू आली नाही म्हणून मला रडू फुटलं. "शेवटचं माणूस होतं, बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिच्या डोक्यातनं काढलं ते कोणी? मीच काढलं." खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं काय ते त्यांनीच बोलून टाकलं होतं.

त्या नाताळाला मी त्यांना एकटं बसू दिलं नाही. शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि तेक्ल्या आजीला उचलून आणलं. आजी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत पुढे बसली होती, त्यामुळे भलतीच खुशीत होती.

तारा दिसला. जेवणं झाली. दार किलकिलं केलं आणि पायांवर थंडी आली. मास्तरांनी बायान घेतला, पण वाजवेनात.

"म्हण ना," आजी म्हणाली.

"शब्द नाहीत, आजी. ट्रॅक्टर आत बोलवायचा नाहीये मला."

"मग नको शब्द. गुणगुण. तुझी आई तरी कणीक मळताना कुठे शब्द म्हणायची? नुसती हूं हूं करायची, पुलापलीकडे ऐकू यायचं."

त्यांनी सूर धरला. आम्ही दोघींनी तोंड मिटून साथ केली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात हाकेची जागा आली, तिथे चाल थांबते आणि वाट बघते. त्या शांततेत तेक्ल्या आजी बोलली. गायली नाही, बोलली.

"पुलाजवळची युस्तिना." सूर पुढे गेला, पुन्हा थांबला. "तिची सासू पेलाग्या. तिचा धाकटा, पेत्रुस." मग पुढलं घर. "लोहार सेन. सेनची मुकी बायको." आणि पुढलं. शब्द तिचेही गेले होते, पण घरं गेली नव्हती. आंधळ्या डोळ्यांनी ती पुलापासून चर्चपर्यंत गल्लीतून चालत गेली, एकही दार न चुकवता, आणि मास्तर तिच्यामागून बायान घेऊन कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. दारातून गार वारा येत होता. मी ज्या बाकावर बसले होते त्यावर हळूहळू सरकत पार टोकाला गेले. का सरकले ते विचारू नका. जागा लागत होती.

सकाळी मास्तर सपाता घालून माझ्या दाराशी आले. पहिल्यांदाच त्यांना मी असं बघितलं, दाढी न केलेलं आणि लहान मुलासारखं.

"आले होते," ते म्हणाले.

मी गेले. आजी पलंगावर घोरत होती. वाडग्याभोवतीचे चमचे सगळे इकडेतिकडे झाले होते, आणि मास्तरांचा चमचा पालथा पडला होता.

"मांजर असेल," मी म्हणाले.

"मांजर दोन वर्षांपूर्वी मेलं."

"मग वारा. नाहीतर ही म्हातारी चाचपडली असेल." मी चमचा उचलून उताणा ठेवला. मला संताप आला होता, त्यांचा, त्या म्हातारीचा, त्या सबंध गावाचा. "एवढा आनंद कसला झालाय तुम्हाला? कळतं का याचा अर्थ काय ते?"

"कळतं," मास्तर म्हणाले. "त्यांनी मला ओळखलं."

बर्फ वितळण्याआधी ते गेले, वर्गातच, एका पोरीने दाबलेला सूर ऐकता ऐकता. पोरगी म्हणाली, मास्तर डोळे मिटून ऐकत होते म्हणून मी दुसरी पट्टी दाबली नाही, मी थांबून राहिले. शहाणी पोर. त्यांना आम्ही स्तावकीत पुरलं, माझ्या नवऱ्याच्या शेजारी. ईस्टरनंतर त्यांच्या थडग्यावर टोपली घेऊन बसणारं माणूस मीच.

पुढच्या नाताळाला मी माझ्या टेबलावर त्यांचा चमचा ठेवला. शाळेची मुलं कोल्याडा म्हणायला आली, टोप्यांवर बर्फ घेऊन. त्यांना आता खऱ्या कोल्याडा येतात, चर्चमध्ये शिकवतात, आणि मास्तरांची चालही मी त्यांना शिकवली होती, शब्दांशिवाय, तोंड मिटून.

ती म्हणायला लागली आणि मी त्यांना थांबवलं.

"ही नको," मी म्हणाले. "ट्रॅक्टरची म्हणा."

"एमिलियाबाई, ती जुनी? ती आता कोणी म्हणत नाही, हसतात लोक."

"हसू दे. म्हणा."

कारण आई येईल त्या हाकेला पोरगा यायचा नाही. आईच्या गाण्याचे शब्द आईचे होते. त्याने मात्र उभ्या आयुष्यात आपल्या हाताने दार ठोठावलं ते या एकाच गाण्याने, लाजत, घाबरत, कोट घालून. बाहेरच्या अंधारात तो आपलंच गाणं ओळखेल.

मुलांनी सुरुवात केली, आधी हसत, मग जोरात. मालक उठला, ट्रॅक्टर आला, सोनं पेरलं. तिसऱ्या कडव्यात ब्रिगेडियर आत आला, कृषितज्ज्ञ आत आला, आणि माऱ्याच्या जागी मी मोठ्याने म्हटलं, "झेनोन. थंडीत उभं राहू नका."

मुलांना मी सुकामेवा आणि गोड पाव देऊन वाटेला लावलं. दार किलकिलंच ठेवलं. मग त्यांच्या चमच्यासमोरच्या स्टुलावर फुंकर मारली, आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले.